पेट्री डिशमधली चकली : रासायनिक सर्पिल लाटा कशा जन्मतात

काचेच्या पेट्री डिशमध्ये लाल द्रावणाचा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर पसरलेला आहे आणि डिश टेबलावर निश्चल ठेवलेली आहे. काही मिनिटांत त्या लालीत टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका उमटतो. ठिपका वाढतो, त्याचा मधला भाग पुन्हा लाल होतो आणि बाहेर सरकणारी एक निळी कडा तेवढी उरते. थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा ठिपका उमटतो आणि पहिल्या वलयामागून दुसरे वलय निघते. तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांची आठवण होते, परंतु हे साम्य वरवरचे आहे. पाण्यावरची दोन वलये समोरासमोर आली तर एकमेकांतून आरपार निघून जातात. इथली दोन वलये जिथे भिडतात तिथेच दोन्ही विझतात.

आता एका निळ्या वलयावरून काचेची बारीक कांडी आडवी ओढली, तर वलय तुटते आणि त्याला दोन मोकळी टोके येतात. ही टोके हळूहळू आतल्या बाजूला वळू लागतात, स्वतःभोवती गुंडाळत जातात आणि काही मिनिटांत तिथे दोन सर्पिल भोवरे फिरताना दिसतात, एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दुसरा उलट दिशेने. त्यांच्या वेटोळ्यांमधले अंतर आतपासून बाहेरपर्यंत जवळपास सारखेच असते, म्हणून शंखाची उपमा इथे चालत नाही. शंखाची वेटोळी बाहेर जाताना रुंदावत जातात. हे रूप दिवाळीतल्या चकलीचे आहे, आणि फरक इतकाच की ही चकली पाडायला सोऱ्या लागत नाही.

मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते आणि हा प्रयोग दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते. ‘हा आकार कोण काढतो?’ हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. माझे उत्तर असे की तो लाटेमागे येणाऱ्या थकव्यातून निघतो. हे उत्तर आधी विचित्र वाटते, परंतु पुढचे सगळे विवेचन त्याभोवतीच फिरणार आहे.

या अभिक्रियेची कथा मॉस्कोत सुरू होते. १९५१ साली बोरिस बेलौसोव्ह हे पेशींमधल्या क्रेब्ज चक्राचे, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीचे, एक साधे प्रतिरूप काचपात्रात उभे करू पाहत होते. सायट्रिक आम्ल, पोटॅशियम ब्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल आणि उत्प्रेरक म्हणून सेरियमचा क्षार एकत्र केल्यावर पिवळे द्रावण रंगहीन होईल आणि तसेच राहील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. ते रंगहीन झाले, पुन्हा पिवळे झाले, पुन्हा रंगहीन झाले आणि घड्याळासारखे हे चालूच राहिले. बेलौसोव्ह यांनी निबंध लिहून पाठवला, तेव्हा असे घडणे शक्यच नाही, या समजुतीने तो परत आला. पुढे त्यांनी छापण्याचा नादच सोडला, आणि अखेर १९५९ साली किरणोत्सर्ग-वैद्यकाच्या एका सारांशसंग्रहात, म्हणजे रसायनशास्त्राचा कोणी वाचक चुकूनही फिरकणार नाही अशा ठिकाणी, त्यांचे छोटे टिपण प्रसिद्ध झाले. कृती मात्र मॉस्कोच्या प्रयोगशाळांत हातोहात फिरत होती. १९६१ मध्ये अनातोल झाबोटिन्स्की या तरुण संशोधकाने ती हाती घेतली, सायट्रिक आम्लाऐवजी मॅलोनिक आम्ल वापरले आणि अभिक्रिया पद्धतशीर अभ्यासली. म्हणून तिला आज बेलौसोव्ह-झाबोटिन्स्की अभिक्रिया म्हणतात. १९८० मध्ये या कामाला लेनिन पारितोषिक मिळाले, तेव्हा बेलौसोव्ह यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

निबंध परत करणाऱ्यांना हसणे सोपे आहे, परंतु त्यांच्या आक्षेपामागे उष्मागतिकी, म्हणजे ऊर्जेच्या स्थित्यंतरांचे शास्त्र, होती. बंद भांड्यातली अभिक्रिया समतोलाकडेच जाते. लोलकाप्रमाणे ती समतोल ओलांडून पलीकडे जाऊन परत येऊ शकत नाही, कारण रेणूंच्या बाबतीत लोलकाच्या जडत्वासारखे काही नसते. आक्षेप घेणाऱ्यांचे चुकले ते एवढेच की दोलन नेमके कशाचे होते आहे, हे त्यांनी विचारले नाही.

मुंबईतल्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीत या प्रश्नाचे उत्तर पाहायला मिळते. गच्चीवर एक टाकी असते आणि जमिनीखाली दुसरी. वरच्या टाकीतले पाणी वापराने कमी होत जाते. पातळी खालच्या खुणेला पोहोचली की तरंगत्या बोंडाला जोडलेला पंप आपोआप सुरू होतो आणि पातळी वरच्या खुणेला भिडेपर्यंत चालूच राहतो. वरच्या टाकीची पातळी दिवसभर चढत-उतरत असते. खालच्या टाकीतले पाणी मात्र या सगळ्या काळात फक्त कमीच होत असते, आणि ती कोरडी पडली की वरचा चढ-उतारही थांबतो. बेलौसोव्ह यांच्या भांड्यातही असेच घडते. ब्रोमेट आणि मॅलोनिक आम्ल ही खालची टाकी होय. त्यांचे प्रमाण एकाच दिशेने घटते आणि उष्मागतिकीचा नियम कुठेही मोडत नाही. वर-खाली होतात ते मधल्या टप्प्यावरचे, अत्यल्प प्रमाणातले पदार्थ. या उदाहरणातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुणा दोन आहेत. पंप सुरू होण्याची आणि बंद होण्याची खूण एकच असती, तर पाणी त्या एकाच पातळीवर थरथरत राहिले असते आणि लयबद्ध चढ-उतार दिसला नसता.

१९७२ मध्ये फील्ड, कोरोश आणि नॉइस या तिघांनी या भांड्यातली रासायनिक साखळी उलगडली. तिच्यात अनेक पायऱ्या आहेत, तरी आपल्यापुरते तीन टप्पे पुरेसे आहेत. पहिल्या टप्प्यात द्रावणात ब्रोमाइड भरपूर असते आणि ते हळूहळू खर्च होत जाते. ब्रोमाइड असेपर्यंत ब्रोमस आम्ल नावाच्या पदार्थाला डोके वर काढता येत नाही, कारण तयार होताच ब्रोमाइड त्याला गिळते. ब्रोमाइड एका मर्यादेखाली घसरले की दुसरा टप्पा सुरू होतो: ब्रोमस आम्ल स्वतःच्याच निर्मितीला चालना देते, एकाचे दोन, दोनाचे चार अशी त्याची वाढ होते आणि त्या धडाक्यात लाल फेरॉइनचे (आमच्या डिशमध्ये सेरियमच्या जागी असलेल्या लोहयुक्त संयुगाचे) ऑक्सिडीकरण होऊन ते निळे पडते. अशा स्वतःच स्वतःला वाढवणाऱ्या क्रियेला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात निळे झालेले संयुग मॅलोनिक आम्लावर व त्याच्या ब्रोमीनयुक्त रूपावर क्रिया करून पुन्हा लाल होते, आणि त्याच क्रियेत ब्रोमाइड मोकळे होते. ब्रोमाइडची पातळी पुन्हा चढते, ब्रोमस आम्ल पुन्हा दबले जाते आणि चक्र पहिल्या टप्प्यावर येते.

हा तिसरा टप्पा म्हणजेच मी म्हटलेला थकवा. द्रावणाचा जो भाग नुकताच निळा होऊन गेला आहे, तिथे ताजे ब्रोमाइड भरलेले असते आणि ते खर्च होईपर्यंत तो भाग कितीही चिथावले तरी पेटत नाही.

ही साखळी किती नाजूक आहे, हे मला एका वर्षी चांगलेच कळले. रसायने ताजी होती, मापे बरोबर होती आणि तरीही डिश तासभर मख्ख लाल राहिली. आमच्या प्रयोगशाळेतले मामा दोनदा डोकावून गेले आणि शेवटी म्हणाले, ‘‘मॅडम, आज ह्याचं मन दिसत नाही.’’ दोष निघाला चंचुपात्राचा. आदल्या दिवशी त्यातच मिठाच्या पाण्याचे सिल्व्हर नायट्रेटशी टायट्रेशन झाले होते आणि ते नुसते नळाखाली खळबळून ठेवले होते. क्लोराइडचा थोडासा अंशही ही अभिक्रिया रोखून धरू शकतो. तेव्हापासून या प्रयोगाची काचेची भांडी आमच्याकडे वेगळ्या कपाटात असतात, ऊर्ध्वपातित पाण्याशिवाय दुसरे पाणी त्यांना लागत नाही आणि घामेजल्या बोटांनी डिशच्या आतल्या बाजूला हात लावायची कोणालाही मुभा नाही. जाता जाता सांगते, की मिश्रण तयार होताना सुरुवातीला तपकिरी ब्रोमीन सुटतो, त्यामुळे हा प्रयोग धूरकपाटातच करायचा असतो. घरच्या ओट्यावर करण्याजोगा तो मुळीच नाही.

आतापर्यंत भांडे ढवळलेले आहे असे गृहीत धरले होते, त्यामुळे सगळे द्रावण एकदम निळे आणि एकदम लाल होत होते. न ढवळलेल्या पातळ थरात मात्र प्रत्येक बिंदूचे घड्याळ स्वतंत्र चालते, आणि शेजारच्या बिंदूंना एकमेकांची खबर देणारे एकच साधन उरते ते म्हणजे विसरण, म्हणजेच रेणूंचे आपोआप पसरणे. विसरण हे फार संथ साधन आहे. पाण्यात एखाद्या लहान रेणूला केवळ विसरणाने एक सेंटिमीटर सरकायला साधारण १४ तास लागतात. परंतु अंतर दहा पट कमी केले की लागणारा वेळ शंभर पट कमी होतो. त्यामुळे मिलिमीटरचा दहावा भाग ओलांडायला त्याच रेणूला पाचेक सेकंद पुरतात. डिशमधली निळी कडा मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने धावते, म्हणजे सेंटिमीटरभर अंतर ती दोन-तीन मिनिटांत कापते. हे कसे जमते?

सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्यात लागणारा वणवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. वणव्यात कोणतीही एक ठिणगी डोंगरभर प्रवास करत नाही. ती शेजारच्या वाळल्या गवताच्या काडीपर्यंत पोहोचते, ती काडी पेटते आणि पुढच्या काडीला ठिणगी देते. डिशमध्ये ब्रोमस आम्ल ठिणगीचे काम करते. ते विसरणाने केसभर पुढे जाते, तिथल्या ताज्या द्रावणात स्वयंउत्प्रेरणाचा भडका उडवते आणि त्या भडक्यातून तयार झालेले नवे ब्रोमस आम्ल आणखी केसभर पुढे जाते. अशा कडेचा वेग अभिक्रियेची गती आणि विसरणाचा गुणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतो, हे रॉबर्ट लुथर यांनी जर्मनीत १९०६ सालीच मांडले होते. वेग दुप्पट हवा असेल तर अभिक्रिया चौपट जलद व्हावी लागते. लाट मागे का फिरत नाही आणि दोन लाटा भिडल्यावर दोन्ही का विझतात, याचेही उत्तर वणव्यात आहे: मागे जळून गेलेली राख असते आणि राख पेटत नाही. फरक एवढाच की डोंगरावर गवत पुन्हा वाढायला पाऊस यावा लागतो, डिशमध्ये ते अर्ध्या-एक मिनिटात वाढते.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे. दिसणारी प्रत्येक हलती पट्टी ही अशी वणवाछाप लाट असतेच असे नाही. गणेशोत्सवात मंडपावर लावलेल्या पळत्या दिव्यांच्या माळेत प्रकाश धावताना दिसतो, पण एका दिव्याकडून दुसऱ्याकडे काहीच जात नाही; प्रत्येक दिवा आपल्या वेळेला उघडमीट करतो आणि शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा करतो, एवढेच. दोलायमान द्रावणातही अशा दिखाऊ लाटा असू शकतात, आणि १९७३ मध्ये कोपेल आणि हॉवर्ड यांनी उभ्या नळीत दिसणारे पट्टे याच प्रकारचे असल्याचे दाखवले. दोन्हींतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मध्ये काचेची भिंत घातली तर दिखाऊ लाट तिच्या पलीकडे बिनदिक्कत चालू राहते, खरी लाट मात्र भिंतीशी संपते. सर्पिल भोवरे घडवणारी लाट ही खरी, वणव्यासारखी लाट असते.

आर्थर विनफ्री यांनी १९७२ मध्ये याचाच लाभ घेतला. त्यांनी मिश्रणाचे प्रमाण असे बदलले की द्रावण आपणहून दोलन करणे जवळपास थांबवते, पण चिथावले तर एकदा पेटून उठते. आपल्या टाकीच्या भाषेत सांगायचे, तर वरच्या टाकीची पातळी खालच्या खुणेच्या किंचित वर येऊन थबकली आहे. कोणी एक बादली जास्तीची काढली की पंप सुरू होतो, पूर्ण टाकी भरतो आणि पुन्हा सगळे शांत होते. अशा द्रावणाला उत्तेजनक्षम माध्यम म्हणतात. त्यात उगीच उमटणारे ठिपके कमी असल्यामुळे भोवरे स्वच्छ दिसतात, आणि विनफ्री यांच्या त्या निबंधानेच सर्पिल लाटा जगभरातल्या प्रयोगशाळांत पोहोचल्या.

आता वानखेडे स्टेडियममध्ये जाऊ. कंटाळवाण्या षटकांत प्रेक्षक उठून हात वर करतात आणि बसतात, आणि ती लाट गोल फिरत जाते. २००२ मध्ये फार्काश, हेल्बिंग व विचेक यांनी स्टेडियममधल्या अशा लाटांचा अभ्यास उत्तेजनक्षम माध्यम म्हणूनच केला होता. लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे २० आसने, आणि ती उठवायला काही डझन माणसे पुरतात, असे त्यांना आढळले. बसलेला प्रेक्षक म्हणजे लाल द्रावण, उभा राहिलेला म्हणजे निळे, आणि नुकताच खाली बसलेला, लगेच पुन्हा उठायची इच्छा नसलेला प्रेक्षक म्हणजे थकलेले द्रावण. आसनांची रांग गोल असल्यामुळे लाटेला शेवट नाही. एक फेरी पूर्ण होईपर्यंत सुरुवातीचे लोक ताजेतवाने झालेले असतात आणि लाट स्वतःच्याच शेपटामागून धावत राहते.

मात्र लाट एकाच दिशेने जाणे आवश्यक आहे. एखाद्या गटाने उठून डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही शेजाऱ्यांना उठवले, तर दोन लाटा निघतील, मैदानाच्या पलीकडे समोरासमोर भिडतील आणि विझतील. जॉर्ज माइन्स यांनी १९१३-१४ च्या सुमारास प्राण्यांच्या हृदयस्नायूच्या कड्यात हाच खेळ पाहिला होता: एका बाजूची लाट अडली, तरच दुसरी अखंड फिरत राहते. फिरत्या लाटेला कुठेतरी एक तुटलेले टोक हवेच असते. डिशमधल्या कांडीने आपण तेच केले होते.

स्टेडियममध्ये मधले मैदान रिकामे असते. समजा, मैदानही प्रेक्षकांनी खच्चून भरले आहे आणि लाट त्यांच्यातूनही जाते. लाट प्रत्येक ठिकाणी सारख्याच वेगाने पुढे सरकते, पण मध्याजवळच्या लाटेला छोटा वर्तुळाकार रस्ता आहे आणि बाहेरच्या लाटेला लांबचा. आतली लाट एक फेरी पूर्ण करेल तेव्हा बाहेरची अजून वाटेवरच असेल, आणि जितके बाहेर जावे तितकी ती अधिक मागे पडलेली दिसेल. सरळ आरे असलेल्या चाकाच्या जागी वाकलेल्या आऱ्यांचे चाक तयार होते, तोच सर्पिल. केंद्राची एक फेरी पूर्ण व्हायला २० सेकंद लागत असतील आणि लाट मिनिटाला ६ मिलिमीटर धावत असेल, तर त्या २० सेकंदांत मागचे वेटोळे पुढच्यापासून २ मिलिमीटर दूर जाईल. पुढच्या फेरीतही तितकेच. म्हणूनच वेटोळ्यांमधले अंतर चकलीसारखे एकसारखे.

राहिला तो मध्यबिंदू. तिथे खरोखर भोक नसते, मग लाट कशाभोवती फिरते? लाटेचे टोक जवळून पाहिले तर असे दिसते, की टोकाच्या पुढे आणि बाजूला ताजे लाल द्रावण असते, तर मागे थकलेले. टोकावरचे ब्रोमस आम्ल पुढे तर जातेच, शिवाय बाजूच्या ताज्या भागातही झिरपते. थोडीच ठिणगी अनेक दिशांना वाटली गेल्यामुळे टोक उरलेल्या लाटेपेक्षा मंद पडते. जितका बाक जास्त, तितका वेग कमी, हा या लाटांचा नियमच आहे, आणि मिलिमीटरच्या काही शतांशाइतका लहान निळा ठिपका तर जागच्या जागी विझून जातो. पुढची लाट निघून जाते, टोक मागे रेंगाळते, बाजूला वळते, तोवर मागचे द्रावण विसावा घेऊन पुन्हा लाल आणि पेटण्याजोगे झालेले असते आणि टोक त्यात शिरते. असे करत ते एक मिलिमीटरपेक्षाही लहान वर्तुळात फिरत राहते. त्या वर्तुळाच्या मध्यभागाला धड निळे होता येत नाही आणि धड विसावाही मिळत नाही. ते भोक नसले तरी भोकाचे काम करते.

हे खरे वाटत नसेल, तर चौकटीची वही घ्यावी. ग्रीनबर्ग व हेस्टिंग्ज यांनी १९७८ मध्ये मांडलेले नियम असे आहेत: चौकटीत ० असेल तर ती शांत, १ असेल तर पेटलेली, २ असेल तर थकलेली. प्रत्येक खेपेस १ चे २ करायचे, २ चे ० करायचे, आणि ० च्या वर, खाली, डावीकडे वा उजवीकडे एखादा १ असेल तरच त्या ० चा १ करायचा. वहीच्या डाव्या काठापासून मध्यापर्यंत एक ओळ १ ची, तिच्या लगेच खाली तेवढीच ओळ २ ची, बाकी सर्वत्र ० ठेवून सुरुवात केली, की सात-आठ खेपांत मधल्या टोकाशी चौकोनी वेटोळे फिरू लागते. यात रसायन नाही, विसरणाचे समीकरण नाही, फक्त पेटणे, थकणे आणि सावरणे आहे. आता नियमातला २ काढून टाकला आणि १ चे थेट ० होऊ दिले, तर पेटलेली चौकट नुकत्याच विझलेल्या चौकटीला लगेच पुन्हा पेटवते, लाटेला पुढे-मागे असे काही राहत नाही आणि पानभर नुसती लुकलुक माजते. वर्गात हा खेळ खेळून घेतला की थकव्याविषयी मला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

डिशमध्ये साधी वलयेही असतात आणि भोवरेही, पण शेवटी जागा भोवरेच बळकावतात. समजा, एक वलयकेंद्र दर मिनिटाला एक लाट सोडते आणि शेजारचा भोवरा दर २० सेकंदांनी. दोघांच्या लाटा वाटेत भिडतात आणि विझतात. पुढची लाट भोवऱ्याकडून आधी निघते, त्यामुळे पुढची भेट वलयकेंद्राच्या थोडी जवळ होते, त्यापुढची आणखी जवळ. काही वेळाने भोवऱ्याची लाट थेट वलयकेंद्रावरच पोहोचते आणि त्याला स्वतःची लाट सोडायची उसंतच मिळत नाही. जो जलद तोच टिकतो, आणि भोवऱ्यापेक्षा जलद दुसरे कोणी असणे अवघड, कारण त्याचे टोक वाट पाहत नाही. द्रावण सावरले रे सावरले, की ते त्यात शिरते.

हीच यंत्रणा इतरत्रही सापडते. अन्न संपल्यावर डिक्टिओस्टेलियम नावाच्या श्लेष्मकवकाच्या हजारो सुट्या पेशी एका रासायनिक संदेशाच्या सर्पिल लाटांच्या केंद्राकडे गोळा होतात. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होतानाही असेच भोवरे गेरहार्ड एर्टल यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये टिपले. पण या विषयात इतके लोक का गुंतले आहेत, याचे खरे कारण हृदय आहे.

हृदयाचा स्नायू हेही उत्तेजनक्षम माध्यम आहे. विद्युत लाट येते, पेशी आकुंचन पावतात आणि नंतर सुमारे पाव सेकंद त्या नव्या लाटेला दाद देत नाहीत. लाटेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर धरला, तर लाट आणि तिच्या मागचा थकलेला पट्टा मिळून १२ सेंटिमीटरच्या आसपास लांबी होते, जवळपास आपल्या हृदयाएवढीच. म्हणूनच निरोगी हृदयात भोवऱ्याला जागा मिळणे कठीण असते आणि लहान प्राण्यांच्या हृदयात तर आणखी कठीण. स्नायूचा तुकडा एका मर्यादेपेक्षा लहान असेल तर त्यात अनियंत्रित थरथर टिकत नाही, हे वॉल्टर गॅरी यांनी १९१४ मध्येच दाखवले होते. आजाराने लाट मंदावली, किंवा विसाव्याचा काळ आखूड झाला, की ही लांबी घटते आणि भोवरा मावू लागतो. त्याच्या लाटा हृदयाच्या नैसर्गिक ठेक्याला वरच्या युक्तिवादाप्रमाणेच दाबून टाकतात, आणि एका भोवऱ्याचे तुकडे होऊन अनेक झाले की हृदय एकसंध आकुंचन सोडून नुसते थरथरते. यालाच फिब्रिलेशन म्हणतात. मेंढी व कुत्र्याच्या हृदयस्नायूच्या पातळ पापुद्र्यांवर असे भोवरे प्रत्यक्ष फिरताना १९९२ मध्ये नोंदवले गेले.

निरोगी हृदयातही भोवरा जन्मू शकतो, त्यासाठी अवेळी एक धक्का पुरतो. छातीवर सीझन बॉलसारखा कठीण चेंडू आदळून सुदृढ मुलगा कोसळल्याच्या घटना वैद्यकात नोंदल्या गेल्या आहेत. बेसबॉलच्या खेळाडूंत त्या विशेष आढळल्या. धक्का फार जोराचा असावाच लागतो असे नाही. तो अशा क्षणी बसावा लागतो, जेव्हा मागची लाट सरत आली आहे, स्नायूचा काही भाग सावरला आहे आणि काही अजून थकलेला आहे. ही फट सेकंदाच्या काही शतांशांएवढीच असते. धक्क्याने उठलेली लाट सावरलेल्या बाजूला जाते, थकलेल्या बाजूला अडते आणि तुटलेले टोक तयार होते. डिशमध्ये कांडी जे करते, ते इथे चेंडू करतो.

डिफिब्रिलेटरचा झटका हृदय ‘सुरू’ करतो, असा एक सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो जवळपास सगळा स्नायू एकाच वेळी पेटवतो, म्हणजे सगळा एकाच वेळी थकतो. लाटेच्या टोकाला शिरायला ताजी जागा उरत नाही आणि भोवरे संपतात. त्यानंतर हृदयाचा स्वतःचा ठेका पुन्हा ताबा घेऊ शकतो.

आमच्या डिशमध्ये यासाठी झटका लागत नाही, ती नुसती हिंदकळवली तरी पुरते. तासाभरात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थरात जमून लाटांचे तुकडे पाडू लागतात आणि चित्र भुरकट होते. तेव्हा मामा विचारतात, ‘‘हलवू का, मॅडम?’’ ते डिश दोन्ही हातांनी उचलून हलकेच गोल फिरवतात, भोवरे एकमेकांत मिसळून नाहीसे होतात, थर एकसारखा लाल होतो आणि डिश पुन्हा टेबलावर ठेवली जाते. खालच्या टाकीत अजून पाणी असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत पहिला निळा ठिपका परत उमटतो. फक्त या वेळी तो गोल वलयच सोडत राहतो, कारण कांडी अजून कोणी हातात घेतलेली नसते.